कानाची शस्त्रक्रिया एंडोस्कोपने की मायक्रोस्कोपने: रुग्णालयाच्या खर्चाची तुलना कशी मांडावी?

प्रश्न: जमाखर्च

नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या लेखा विभागात काम करतो. वैद्यकीय शिक्षण मला नाही, त्यामुळे एखादा शब्द चुकल्यास सांभाळून घ्यावे. आमच्या कान-नाक-घसा विभागाने कानाच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळा एंडोस्कोप आणि त्यासोबत लागणाऱ्या बाकदार हत्यारांचा संच मागितला आहे. कानामागे चीर देऊन मायक्रोस्कोपखाली करण्याच्या पारंपरिक शस्त्रक्रियेपेक्षा कानाच्या नळीतूनच एंडोस्कोपने केलेली शस्त्रक्रिया रुग्णालयाला स्वस्त पडते, असे मागणीपत्रात म्हटले आहे. खरेदी समितीने या विधानाला आकड्यांचा आधार मागितला असून ते टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

विभागाने नाकाच्या शस्त्रक्रियेचा एंडोस्कोप वापरून कानाच्या काही शस्त्रक्रिया आधीच केल्या आहेत. त्यांची बिले आणि मायक्रोस्कोपखाली झालेल्या शस्त्रक्रियांची बिले मी समोरासमोर मांडली, तेव्हा एंडोस्कोपच्या बाजूची सरासरी बरीच खाली आली. लगेच शिफारस लिहावी इतका तो फरक होता. मात्र रकमा उलगडून पाहिल्यावर लक्षात आले की एंडोस्कोपच्या यादीत जवळजवळ सगळ्या कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रिया आहेत, तर मायक्रोस्कोपच्या यादीत मास्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाचे काम झालेले, चार-चार तास टेबलावर असलेले रुग्णही आहेत. मी दोन पद्धतींची तुलना करतो आहे की दोन आजारांची, हेच मला समजेनासे झाले.

समान रुग्ण कोणाला म्हणावे, यंत्राची किंमत एकेका शस्त्रक्रियेवर कशी वाटावी, आणि हिशेब रुग्ण घरी जाईपर्यंत थांबवावा की पुढे न्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1: कर्णविवर

आपली शंका योग्य आहे, आणि ती बिलांवरूनच आली याचे कौतुक वाटते. मी कानाच्या शस्त्रक्रिया दोन्ही पद्धतींनी करतो, म्हणून आधी पद्धतींतला फरक सांगतो. खर्चातला फरक त्यातूनच निघतो.

मायक्रोस्कोप कानाबाहेर उभा असतो आणि सरळ रेषेत पाहतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि मध्येच अरुंद व वळलेली असते, त्यामुळे बाहेरून टाकलेल्या नजरेला त्या अरुंद भागाची मर्यादा पडते. कानामागे चीर देऊन कान पुढे ओढून धरण्यामागचे आणि कधी नळीचे हाड घासण्यामागचे कारण बहुतेक वेळा आजार नसून दिसणे हे असते. एंडोस्कोप मात्र त्या अरुंद भागाच्या पलीकडे जाऊन पाहतो. साधारण 3 मिलिमीटर जाडीची नळी आत गेली की शेजारून एक हत्यार जाण्यापुरती जागा उरते आणि 30 किंवा 45 अंशांच्या भिंगाने कोपऱ्यामागचेही दिसते. चीर, ती शिवण्याचा वेळ आणि डोक्याभोवतीची पट्टी टळते. तोटा असा की डावा हात एंडोस्कोप धरण्यात अडकतो. मायक्रोस्कोपखाली एका हाताने रक्त ओढत दुसऱ्या हाताने काम करता येते. इथे रक्त आले की काम थांबवून कापूस दाबून ठेवावा लागतो.

जाता जाता एक सूचना. रुग्ण आणि नातेवाईक दोन्ही प्रकारांना 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात, कारण मायक्रोस्कोपही त्यांच्या दृष्टीने दुर्बीणच असतो. आमच्याकडे नोंदणीच्या खिडकीवरही हाच शब्द लिहिला जात असे, आणि जुन्या नोंदी चाळताना त्यामुळे मीच फसलो आहे. तुम्ही विभागणी बिलावरच्या शब्दावरून केली असेल तर ती शस्त्रक्रियेच्या टिपणावरून एकदा पडताळून घ्यावी.

आता समान रुग्णांबद्दल. पडद्याला भोक असून हाडात आजार नसलेले रुग्ण हा एक गट करावा. कोलेस्टिॲटोमा, म्हणजे ज्याला रुग्णांना समजावताना आम्ही 'हाड कुरतडणारा आजार' म्हणतो, तो पूर्ण वेगळा गट ठेवावा. त्यातही आजार मधल्या कानात आणि त्याच्या वरच्या पोकळीतच आहे, की मागे मास्टॉइडच्या हाडात पसरला आहे, हे पाहावे. कारण मागे पसरलेल्या आजारासाठी ड्रिल लागते, त्याला दोन हात लागतात आणि ते काम मायक्रोस्कोपकडेच जाते. स्टेपीसच्या, म्हणजे मधल्या कानातल्या सर्वांत लहान हाडाच्या, शस्त्रक्रिया तिसऱ्या गटात टाकाव्यात. पहिल्यांदा होणारी आणि त्याच कानावर पुन्हा होणारी शस्त्रक्रिया एकत्र करू नये. सोपे रुग्ण एंडोस्कोपकडे आणि अवघड रुग्ण मायक्रोस्कोपकडे जाणे हे आम्हीच, रुग्णाच्या हितासाठी, रोज करत असतो. तुमच्या सरासरीत दिसलेला फरक बराचसा आमच्या या निवडीचा असणार.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते. एंडोस्कोपने सुरू केलेली शस्त्रक्रिया रक्तस्रावामुळे किंवा आजार मागे गेलेला आढळल्यामुळे मध्येच मायक्रोस्कोपवर न्यावी लागते. अशा रुग्णासाठी दोन्ही संच उघडले जातात, वेळही जास्त जातो, आणि नोंद मात्र 'मायक्रोस्कोप' अशी होते. म्हणजे एंडोस्कोपचा महागडा रुग्ण मायक्रोस्कोपच्या खाती पडतो. ज्या पद्धतीने शस्त्रक्रिया सुरू झाली तिच्याच खाती रुग्ण ठेवावा.

प्रतिसाद 2: ताळेबंद

माझे काम रुग्णालयांच्या परिव्यय लेखांकनाचे, म्हणजे कशाला किती खर्च येतो हे काढण्याचे आहे, त्यामुळे वैद्यकीय भाग डॉक्टरसाहेबांवर सोडून फक्त हिशेबाविषयी लिहितो.

सर्वप्रथम बिले बाजूला ठेवावीत. बिल म्हणजे रुग्णालयाने मागितलेली रक्कम, आणि समितीला हवा आहे तो रुग्णालयाला आलेला खर्च. बऱ्याच ठिकाणी कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेचा दर ठरीव असतो. शस्त्रक्रिया एका तासात संपो वा तीन तासांत, बिल तेच निघते. अशा ठिकाणी बिलांची तुलना केली तर पद्धतींमध्ये काहीच फरक नाही असे दिसेल. उलट जिथे प्रत्येक वस्तू वेगळी लावली जाते, तिथे दर ठरवणाऱ्याच्या मर्जीने फरक मोठा दिसेल.

खर्च काढण्याची मला पटलेली रीत म्हणजे वेळेवर आधारलेला हिशेब. कॅप्लान आणि अँडरसन या परिव्यय लेखांकनाच्या अभ्यासकांनी 2004 साली मांडलेली ही रीत पुढे रुग्णालयांत बरीच वापरली गेली. तिच्यात दोनच गोष्टी मोजाव्या लागतात: त्या साधनाच्या किंवा माणसाच्या एका मिनिटाचा खर्च किती, आणि त्या रुग्णासाठी किती मिनिटे लागली. शस्त्रक्रियागृहाचा, भूलतज्ज्ञांचा, सिस्टरांचा, जागे होण्याच्या खोलीचा असा प्रत्येकाचा दर वेगळा काढावा. मिनिटे मोजताना चीर दिल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतचीच वेळ धरू नये. रुग्ण दारातून आत आला तेव्हापासून दारातून बाहेर गेला तोपर्यंतची वेळ धरावी, कारण खोली तेवढा वेळ अडलेली असते.

यंत्राच्या किमतीविषयी एक कल्पित उदाहरण घेऊ. संचाची किंमत 700 एकक आणि आयुष्य 7 वर्षे धरले, तर घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी कमी होणारी किंमत, वर्षाला 100 एकक होतो. वर्षात कानाच्या 50 शस्त्रक्रिया झाल्या तर एकेकीवर 2 एकक पडतात. तोच कॅमेरा, प्रकाशस्रोत आणि मॉनिटर नाकाच्या 150 शस्त्रक्रियांनाही वापरला गेला तर एकूण 200 होतात आणि एकेकीवर अर्धा एकक येतो. संच तोच राहूनही भार चौपट किंवा चौथाई होतो. प्रकाशित तुलनांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, याचे एक मोठे कारण मला हेच वाटते: कोणी संपूर्ण संच कानाच्या माथी मारतो, कोणी तो नाकाच्या विभागाकडे आधीच आहे म्हणून शून्य धरतो. आपल्याकडे कॅमेरा असेल आणि फक्त कानाचे एंडोस्कोप व हत्यारे घ्यायची असतील, तर समितीसमोरचा नवा खर्च तेवढाच आहे.

मायक्रोस्कोपचा खर्च वाचेल असे मागणीपत्रात कुठे सुचवले असेल तर ते वाक्य खोडावे. कर्णविवर यांनी लिहिल्याप्रमाणे मास्टॉइडचे काम मायक्रोस्कोपवरच राहणार. कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात बसवायचे ऐकण्याचे यंत्र) आणि स्वरयंत्राच्या बारीक शस्त्रक्रियाही तिथेच होणार. म्हणजे मायक्रोस्कोप, त्याचा वार्षिक देखभाल करार आणि त्याने व्यापलेली जागा हे सगळे कायम राहील. फक्त ते कमी शस्त्रक्रियांवर वाटले जाईल. कागदावर मायक्रोस्कोपची एक शस्त्रक्रिया आणखी महाग दिसू लागेल, आणि पुढच्या वर्षी कोणी तरी तोच आकडा एंडोस्कोपच्या बाजूने पुरावा म्हणून पुढे करेल.

सर्वांत नाजूक मुद्दा वाचलेल्या मिनिटांचा आहे. पडद्याच्या शस्त्रक्रियेत एंडोस्कोपने वेळ वाचतो असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि मिनिटाच्या दराने गुणले की रक्कम भरघोस दिसते. परंतु दुपारी शेवटची शस्त्रक्रिया 20 मिनिटे आधी संपली आणि त्यानंतर खोली रिकामीच राहिली, तर सिस्टरांचा पगार, वातानुकूलन, भूलयंत्राचा घसारा, यांतले काहीही कमी झालेले नसते. वाचलेल्या मिनिटांत आणखी एक रुग्ण बसला, किंवा जादा वेळेचा भत्ता टळला, तरच ती बचत वहीत उतरते. म्हणून दोन आकडे द्यावेत: मिनिटाच्या दराने निघणारी बचत, आणि आपल्या यादीप्रमाणे प्रत्यक्षात हाती येऊ शकणारी बचत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल. समितीने विचारण्याआधी आपणच तो दाखवलेला बरा.

सरासरीबरोबर मध्यक, म्हणजे सगळ्या रकमा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी रक्कम, अवश्य द्यावा, कारण एखादा गुंतागुंतीचा रुग्ण सरासरीला एकटाच वर ओढतो. तरीही अंदाजपत्रकासाठी सरासरीच धरावी लागेल. तो महागडा रुग्णही आपल्यालाच सांभाळायचा असतो.

प्रतिसाद 3: ट्रॉलीपाशी

मी शस्त्रक्रियागृहात सिस्टर आहे. वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले आणि पटले, पण ज्या खर्चाला आम्ही रोज हात लावतो तो दोन्हींत आलेला नाही, म्हणून लिहिते.

मायक्रोस्कोपसाठी प्रत्येक रुग्णामागे एक निर्जंतुक प्लॅस्टिकचे आवरण लागते आणि ते वापरून टाकून द्यावे लागते. कानामागची चीर असेल तर टाक्यांचे धागे, चीर उघडी धरणारा रिट्रॅक्टर, मोठी पट्टी हे त्यात मिळवावे. एंडोस्कोपला ते आवरण लागत नाही, पण कॅमेऱ्याच्या वायरीला लागते. बाकीचे बहुतेक सामान सारखेच असते. कानात भरायचा विरघळणारा स्पंज, म्हणजे जेलफोम, दोन्हीकडे, भुलीची औषधे दोन्हीकडे.

खरा फरक मोडतोडीत आहे. एंडोस्कोपच्या आत काचेच्या कांड्या एकापुढे एक बसवलेल्या असतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांनी 1959 मध्ये काढलेली हीच रचना आजही चालते, आणि तिच्यामुळेच चित्र एवढे लखलखीत दिसते. पण काच ती काच. नळी जरा वाकली की मॉनिटरवर कडेला चंद्रकोरीसारखी काळी सावली दिसू लागते, आणि ती एकदा दिसली की कितीही पुसा, जात नाही. आमच्याकडे एक एंडोस्कोप असाच गेला. तो पडला नव्हता, आपटला नव्हता. धुताना जड कात्रीच्या खाली ट्रेमध्ये राहिला होता. ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करण्याच्या यंत्रातून) काढलेला गरम एंडोस्कोप घाईघाईने गार पाण्यात घातला तरी सांधे आणि काच खराब होतात. त्यामुळे दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये तो आपोआप थंड व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि एकच एंडोस्कोप असेल तर यादी त्याच्यासाठी थांबते. दिवसाला कानाचे तीन रुग्ण ठेवायचे असतील तर एकाने भागणार नाही, हे मागणीपत्रात आले आहे का ते पाहावे. दुरुस्तीची रक्कम आणि बदली एंडोस्कोप किती दिवसांत मिळेल, हेही विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

दुसरे म्हणजे शिकण्याचा काळ. सुरुवातीच्या महिन्यांत मी ट्रॉलीपाशी उभी राहून पाहिले आहे: एंडोस्कोप आत जातो, टोकाला रक्ताचा थेंब लागतो, बाहेर येतो, धुके न धरणाऱ्या द्रावणाच्या बोळ्याने मी पुसते, पुन्हा आत जातो, पुन्हा थेंब. एका शस्त्रक्रियेत हे पस्तीसदा झाले. मी मनातल्या मनात मोजत होते, कारण त्या दिवशी दुसरे काही करण्यासारखे नव्हते. तेच डॉक्टर वर्षभराने तीच शस्त्रक्रिया करताना एंडोस्कोप पाच-सहा वेळाच बाहेर काढत होते, कारण सुरुवातीलाच नळीत रक्त थांबवणारे इंजेक्शन देऊन ते पुरेसा वेळ थांबायला शिकले होते. त्या वर्षातली जास्तीची मिनिटे कोणाच्या हिशेबात धरायची, हे ताळेबंद यांनी सांगावे. आम्हाला तर ती जेवणाच्या सुट्टीतून द्यावी लागली.

प्रतिसाद 4: ताळेबंद

सिस्टर, ती मिनिटे गुंतवणूक म्हणून धरावीत. पहिल्या वर्षातला जादा वेळ वेगळा मोजून तो यंत्राच्या किमतीतच मिळवावा आणि पुढच्या वर्षांवर वाटावा. तो वगळला तर हिशेब एंडोस्कोपला अनुकूल होतो, आणि पहिल्याच वर्षाचे आकडे घेऊन निर्णय दिला तर नव्या पद्धतीवर अन्याय होतो. दुरुस्तीचा आपला मुद्दा मी माझ्या तक्त्यात घातला आहे. आजवर मी तो देखभाल करारात गृहीत धरत होतो, आणि असे करार पाहिले तर अपघाती मोडतोड त्यांतून बहुधा वगळलेली असते.

प्रतिसाद 5: डावा आणि उजवा

मी डॉक्टर नाही, हिशेबनीसही नाही. माझ्या दोन्ही कानांच्या पडद्यांना भोके होती. डाव्या कानाची शस्त्रक्रिया कानामागे चीर देऊन झाली, उजव्याची काही वर्षांनी नळीतून एंडोस्कोपने.

डाव्या वेळी डोक्याला फेट्यासारखी पट्टी होती, टाके काढायला वेगळी खेप झाली, आणि कानाचा वरचा भाग कित्येक महिने बधिर होता. केस विंचरताना कंगवा कानाला लागला तरी कळत नसे. उजव्या वेळी बाहेरून फक्त कानासमोरच्या कूर्चेवर एक लहान टाका होता, कारण पडद्यासाठी तुकडा तिथून घेतला होता. डाव्या कानासाठी मी कामावरून जितके दिवस रजा घेतली त्याच्या निम्म्याहून कमी दिवस उजव्यासाठी लागले. दोन्ही पडदे धरले, म्हणजे लावलेला तुकडा जुळून भोक बुजले, आणि ऐकू येण्यात मला फरक वाटत नाही. दोन्ही वेळच्या बिलांत मात्र नावापुरताच फरक होता. माझी वाचलेली रजा रुग्णालयाच्या कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही हे मला कळते, तरी समितीला ती निदान एका ओळीत कळावी. उजव्या कानाचे भोक डाव्यापेक्षा लहान होते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

प्रतिसाद 6: कर्णविवर

शेवटचे वाक्य लिहिल्याबद्दल विशेष आभार. आमच्या सभांमध्येही इतक्या स्पष्टपणे ते कोणी सांगत नाही.

हिशेब कुठवर न्यावा हा मूळ प्रश्न राहिला होता. पडद्याच्या साध्या शस्त्रक्रियेत दोन्ही पद्धतींनी पडदा धरण्याचे प्रमाण जवळपास सारखे येते, असे बहुतेक तुलनांत दिसते. तिथे सहा महिने ते एक वर्ष पुरे. तोवर पडदा धरला की नाही आणि ऐकण्याची तपासणी काय सांगते, हे कळलेले असते.

कोलेस्टिॲटोमाचे तसे नाही. तो एखाद्या कोपऱ्यात कणभर राहिला तरी वाढतो, आणि मायक्रोस्कोपच्या सरळ नजरेला न दिसणारे कोपरे मधल्या कानात आहेत. म्हणून वर्षभराने कान पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत अनेक वर्षे चालत आली. एंडोस्कोपने ते कोपरे पहिल्याच वेळी पाहिले गेले आणि त्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया टळली, तर त्या एका टळलेल्या शस्त्रक्रियेसमोर टेबलावर वाचलेली मिनिटे किरकोळ ठरतात. याच कारणासाठी काही शल्यचिकित्सक काम मायक्रोस्कोपखाली करून शेवटी फक्त तपासण्यापुरता एंडोस्कोप आत घालतात. तुमच्या दोन रकान्यांच्या तक्त्यात ही मिश्र पद्धत बसत नाही, पण प्रत्यक्षात ती फार चालते, तेव्हा तिसरा रकाना ठेवावा. हल्ली विशिष्ट प्रकारच्या एमआरआय तपासणीत साधारण 3 मिलिमीटर आणि त्याहून मोठा उरलेला आजार दिसू शकतो, त्यामुळे मायक्रोस्कोपने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचाही कान पुन्हा उघडावा लागतोच असे नाही. टळलेल्या शस्त्रक्रियेचे सगळे श्रेय एंडोस्कोपला देऊ नये, आणि एमआरआयचा खर्च दोन्ही बाजूंना लिहावा. या गटाचा हिशेब निदान पाच वर्षे चालू ठेवावा लागेल.

प्रतिसाद 7: जमाखर्च

सर्वांचे मनापासून आभार. शस्त्रक्रियेच्या टिपणांवरून यादी पुन्हा लावली. 'दुर्बीण' या शब्दामुळे अकरा रुग्ण चुकीच्या बाजूला गेले होते, आणि एंडोस्कोपने सुरू होऊन मायक्रोस्कोपवर गेलेले दोन रुग्ण सापडले. फक्त पहिल्यांदा झालेल्या पडद्याच्या शस्त्रक्रिया ठेवल्यावर दोन बाजूंमधला फरक पूर्वीच्या तुलनेत फारच आक्रसला. तरी तो एंडोस्कोपच्याच बाजूने आहे, आणि जवळजवळ सगळा शिवण्याच्या व पट्टीच्या वेळेतून आलेला आहे. कोलेस्टिॲटोमासाठी आमच्याकडे पाच वर्षांच्या नोंदीच नाहीत, म्हणून त्या गटाविषयी टिपणात कोणताही दावा करणार नाही. मागणीपत्रात एंडोस्कोप एकच आहे. ट्रॉलीपाशी यांच्या सांगण्यावरून मी विभागाला विचारले, तेव्हा दिवसाला कानाचे तीन रुग्ण घेण्याचा विचार असल्याचे कळले. आता दोन एंडोस्कोप धरून तक्ता नव्याने मांडतो आहे.

प्रतिसाद 8: ट्रॉलीपाशी

दोन धरलेच आहेत तर ते ठेवण्यासाठी झाकणाचे स्वतंत्र ट्रेही मागणीत घालावेत. कात्रीसोबत एकाच ट्रेमध्ये ते पुन्हा जाऊ नयेत.